साखरेचं वजन कळलं, पण साखर कोणती?

बर्ड फ्लूची बातमी आली की तिच्यात हमखास एक वाक्य असतं: हा विषाणू पेशीवरच्या साखरेला चिकटतो. २०२४ साली अमेरिकेतल्या दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ सापडला तेव्हा हे वाक्य पुन्हा सगळीकडे फिरलं, आणि त्याच्या मागोमाग '२-३' आणि '२-६' असे आकडेही. पक्ष्यांच्या फ्लूला २-३ जोडणीची साखर लागते, माणसांच्या फ्लूला २-६ जोडणीची. आपल्या नाका-घशात २-६ जास्त, म्हणून पक्ष्यांचा विषाणू आपल्याला सहजासहजी धरत नाही, वगैरे. वाचणाऱ्याला वाटतं, ही दोन वेगळ्या साखरांची नावं असावीत.

तसं नाही. साखर तीच, सियालिक आम्ल नावाची. तिच्या शेजारची साखरही तीच, गॅलॅक्टोज. अणू तेवढेच, वजनही दशांशानंतर कितीही आकडे काढलेत तरी सारखंच. फरक एवढाच, की सियालिक आम्लाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनने गॅलॅक्टोजचा तिसऱ्या क्रमांकाचा कार्बन धरलाय की सहाव्या. विषाणूला हा फरक ताबडतोब कळतो. उत्तमातल्या उत्तम तराजूला मात्र कळत नाही.

मग गाईच्या कासेत किंवा माणसाच्या श्वासनलिकेत कोणती जोडणी आहे हे सांगायचं कशाच्या जोरावर? एक जुना मार्ग आहे: ठरावीक साखर ओळखणारी काही वनस्पतींची प्रथिनं ऊतकाच्या चकतीवर टाकायची आणि ती कुठे चिकटतात ते बघायचं. त्यातून 'इथे आहे, तिथे नाही' एवढं कळतं. पण नेमक्या कोणत्या साखळ्या, किती, कशा जोडलेल्या, ही यादी हवी असेल तर दोन यंत्रं एकामागे एक जोडावी लागतात. पहिलं यंत्र मिश्रणातले रेणू वेगळे करतं, ती लिक्विड क्रोमॅटोग्राफी. दुसरं त्यांचं वजन करतं, ती मास स्पेक्ट्रोमेट्री. प्रयोगशाळेत एवढं लांबलचक कुणी म्हणत नाही. सगळे एलसी-एमएस म्हणतात. मीही तेच म्हणेन.

मणी तेच, पण माळ सरळ नाही

साखर म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरे दाणे येतात. इथे साखर म्हणजे रेणूंचं एक मोठं कुटुंब. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज हे त्यातले सुटे मणी. हे मणी एकमेकांना जोडून ज्या साखळ्या होतात त्यांना ग्लायकन म्हणतात. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या बाजूला अशा साखळ्यांची दाट झाडी असते आणि रक्तातल्या बहुतेक प्रथिनांवरही त्या लटकलेल्या असतात.

प्रथिनाची माळ समजायला सोपी. मण्याला दोनच बाजू, पुढची आणि मागची. दोरा सरळ जातो. साखरेच्या मण्याला मात्र चार-पाच आकडे (हुक) असतात आणि पुढचा मणी त्यांतल्या कुठल्याही आकड्याला अडकू शकतो. एकाच मण्याला दोन-तीन मणी अडकले की फांद्या फुटतात. वर प्रत्येक जोडणी दोन तऱ्हांची, अल्फा किंवा बीटा. म्हणजे पुढचा मणी खालच्या अंगाने निघालाय की वरच्या.

नुसते दोन ग्लुकोज घ्या. त्यांच्या नेहमीच्या षट्कोनी रूपात ते ११ प्रकारे जोडता येतात. अकराही रेणूंचं वजन तेच, ३४२.१२. (हे एकक डाल्टन; हायड्रोजनचा एक अणू साधारण एक डाल्टनचा.) त्या अकरांपैकी एका जोडणीने ग्लुकोजला ग्लुकोज लावत गेलं की स्टार्च होतो, तो आपण पचवतो. तीच जोडणी अल्फाची बीटा केली की सेल्युलोज, म्हणजे कापूस आणि लाकूड.

सहा मणी घेतले तर? डीएनएची सहा अक्षरं ४,०९६ प्रकारे लिहिता येतात. सहा अमिनो आम्लांच्या माळा ६.४ कोटी. आणि सहा साखरांच्या? रॉजर लेन या जैवरसायनशास्त्रज्ञाने १९९४ साली हा हिशेब मांडला: १.०५ लाख कोटी. शरीर यातल्या फार थोड्या खरोखर बनवतं, हे आपलं नशीब.

मग जनुकं वाचून का नाही कळत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि तो रास्तच आहे. प्रथिनाचा क्रम डीएनएमध्ये लिहिलेला असतो. तो वाचला की प्रथिन कळलं. साखरेच्या साखळीचा आराखडा कुठेच लिहिलेला नाही. जनुकांमध्ये असतात ते कारागीर: एक एन्झाइम गॅलॅक्टोज लावणारं, दुसरं सियालिक आम्ल लावणारं, तिसरं काढून टाकणारं. माणसात साखरा जोडणारे असे सुमारे दोनशे कारागीर आहेत. प्रथिन पेशीच्या आतल्या कप्प्यांतून सरकत जातं आणि वाटेत जो कारागीर मोकळा असेल, ज्याच्या हाताशी माल असेल, तो आपलं काम करतो. घाई झाली, माल संपला, की साखळी अर्धवट राहते.

परिणाम असा, की एकाच प्रथिनाच्या एकाच जागी एका रेणूवर एक साखळी आणि शेजारच्या रेणूवर दुसरी. 'या प्रथिनावर कोणती साखर आहे?' हा प्रश्नच मुळात चुकीचा ठरतो. विचारायचं असतं, 'कोणकोणत्या आहेत आणि कोणत्या प्रमाणात?' आणि त्यासाठी मिश्रण सोडवून बघण्याला पर्याय नाही.

आधी सोडवून घ्या

साखळी प्रथिनावरून उतरवणं हे पहिलं काम. प्रथिनातल्या ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाला जोडलेल्या साखळ्यांसाठी पीएनगेज-एफ नावाचं एन्झाइम आहे, एका जिवाणूपासून मिळवलेलं. ते देठापाशीच स्वच्छ कापतं. शिवाय कापल्याची खूण मागे ठेवतं: ज्या जागेवरून साखळी निघाली तिथलं ॲस्परॅजिन बदलून ॲस्पार्टिक आम्ल होतं आणि प्रथिनाचं वजन तिथे ०.९८ डाल्टनने वाढतं. साखळी गेली तरी ती कुठे होती ते सापडतं. झाडांच्या आणि कीटकांच्या काही साखळ्यांवर मात्र देठालाच फ्युकोज नावाची एक साखर वेगळ्या तऱ्हेने चिकटलेली असते. तिथे हे एन्झाइम हात टेकतं.

सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लांना जोडलेल्या साखळ्यांचं दुखणं वेगळं. त्या सगळ्या उतरवणारं एकही एन्झाइम नाही. अल्कलीत ठेवून रसायनानेच तोडाव्या लागतात. त्यातही जपावं लागतं, कारण मोकळ्या टोकाकडून, म्हणजे प्रथिनापासून सुटलेल्या देठाकडून, साखळीचा एकेक मणी सोलून निघायला लागतो. ते टोक लगेच बंद करावं लागतं.

साखर प्रकाशात दिसत नाही, ही आणखी एक अडचण. नेहमीच्या अतिनील प्रकाशाच्या शोधकाला ती जवळपास पारदर्शक. म्हणून तिच्या मोकळ्या टोकाला एक चमकणारा बिल्ला लावतात. साखळी कितीही फांद्यांची असो, असं टोक एकच. म्हणून बिल्लाही एकच. याचा एक सुंदर फायदा होतो: चमक किती यावरून साखळ्या किती ते थेट मोजता येतं. साखळी लहान की मोठी याने हिशेब बिघडत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरवर हा विश्वास टाकता येत नाही, कारण तिथे काही रेणूंना विद्युतभार सहज मिळतो, काहींना नाही. सहज मिळतो तो रेणू उगाचच जास्त असल्यासारखा दिसतो.

नळीतली शर्यत

क्रोमॅटोग्राफी या शब्दात रंग आहे, कारण मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीतून झिरपवली आणि वेगवेगळे रंगीत पट्टे मिळवले. आज खडूऐवजी स्टीलची बारीक नळी असते, तिला कॉलम म्हणतात; आत मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे दाणे ठासून भरलेले.

साखरांसाठी एक नेहमीचा कॉलम असा: दाण्यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिपातळ थर धरून ठेवलेला. वरून वाहतं ते द्रव मुख्यतः ॲसिटोनायट्राइल, ज्यात साखरेला करमत नाही. साखर पाण्याच्या थरात बुडी मारते, पुन्हा प्रवाहात येते, पुन्हा बुडी मारते. जितकी मोठी साखळी तितकी पाण्याची ओढ जास्त, तितकी ती मागे रेंगाळते. प्रवाहातलं पाणी हळूहळू वाढवत नेलं की एकेक साखळी थर सोडून बाहेर पडते. आलेखावर प्रत्येक साखळीचं एक शिखर उमटतं.

शिखर कितव्या मिनिटाला आलं हा आकडा मात्र दुसऱ्या प्रयोगशाळेच्या उपयोगाचा नाही. कॉलम जुना झाला, खोली तापली की तो सरकतो. त्यावर तोड साधी आहे. एक, दोन, तीन, चार अशा वाढत्या ग्लुकोजच्या साखळ्यांचं मिश्रण त्याच कॉलममधून आधी धाववतात. त्याची शिडीसारखी शिखरं मिळतात. मग आपली साखळी सातव्या आणि आठव्या पायरीच्या मध्ये कुठे आली ते सांगायचं, मिनिटं नाही. मैलाचे दगड रस्त्यावरच रोवले की घड्याळ कुणाचं पुढे आहे याला अर्थ राहत नाही.

दुसरा कॉलम सच्छिद्र ग्राफाइटचा. त्याचा पृष्ठभाग सपाट, म्हणून त्याला रेणूचा आकार जाणवतो. सारख्या वजनाच्या, नुसत्या जोडणीने वेगळ्या साखळ्या इथे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. २-३ आणि २-६ सुद्धा. पण हा कॉलम इतका चोखंदळ आहे की एकाच साखळीच्या मोकळ्या टोकाची अल्फा आणि बीटा रूपंही वेगळी काढतो, आणि एका साखळीची दोन शिखरं दिसून माणूस गोंधळतो. म्हणून ते टोक आधीच बंद करून टाकतात.

वजन, म्हणजे नेमकं काय?

कॉलममधून बाहेर पडणारं द्रव एका सुईच्या टोकावरून, हजारो व्होल्टच्या दाबाखाली, धुक्यासारखं फवारलं जातं. थेंब सुकत जातात आणि उरतात विद्युतभारित रेणू, म्हणजे आयन. मोठे नाजूक रेणू न मोडता असे हवेत उचलण्याच्या युक्त्यांसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. वरची फवारणी फेन यांची.

यंत्र सरळ वजन सांगत नाही. ते सांगतं वजन भागिले विद्युतभार. एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहू. आपल्या रक्तातल्या प्रथिनांवर एक साखळी फार सापडते: दोन फांद्यांची, दोन्ही टोकांना सियालिक आम्ल. यंत्रावर एक शिखर दिसलं ११०.. नव्हे, १११०.३८ वर. (हा आकडा घाईत वाचताना मी अजूनही अडखळतो.) त्याच्या शेजारी, काही रेणूंत एखादा कार्बन अणू एका डाल्टनने जड असल्यामुळे (ते पुढे येईल), १११०.८९, मग ११११.३९. शिखरांत अंतर अर्ध्याचं, म्हणजे विद्युतभार दोन. एक असता तर अंतर एकाचं असतं. ऋण विद्युतभारावर मोजतोय, म्हणजे दोन प्रोटॉन गेलेले. दुप्पट केली, गेलेले प्रोटॉन परत मिळवले: २२२२.७८.

आता मण्यांचा ताळा जुळवायचा. जोडणीत प्रत्येक वेळी पाण्याचा एक रेणू निघून जातो, म्हणून मण्यांची साखळीतली वजनं थोडी कमी असतात. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज या सारख्या वजनाच्या साखरांना एकत्रित हेक्सोज म्हणतात. साखळीत प्रत्येकी १६२.०५३. ॲसिटाइल गट असलेल्या त्यांच्या चुलत बहिणी २०३.०७९. सियालिक आम्ल २९१.०९५. पाच हेक्सोज, चार चुलत बहिणी, दोन सियालिक आम्लं आणि टोकांचं पाणी १८.०११. बेरीज करून बघा: २२२२.७८. जुळलं.

एका डाल्टनचा घोळ

इतकं सरळ असतं तर हा लेख इथेच संपला असता. इथेच घोडं पेंड खातं.

मघाशी देठाजवळ भेटलेली फ्युकोज ही साखर घ्या, साखळीत १४६.०५८. दोन फ्युकोज म्हणजे २९२.११६. एक सियालिक आम्ल २९१.०९५. फरक १.०२. 'एवढा फरक आजच्या यंत्राला सहज कळतो की' असं कुणी म्हणेल. कळतो, पण कार्बन मध्ये येतो. निसर्गातल्या दर शंभर कार्बन अणूंमधला साधारण एक तेरा वजनाचा असतो, बाकीचे बाराचे. आपल्या साखळीत ८४ कार्बन आहेत. त्यामुळे सगळे कार्बन बाराचे असलेलं पहिलं शिखर आणि एखादा तेराचा असलेलं, १.००३ ने पुढचं शिखर, दोन्ही जवळपास सारख्या उंचीची. साखळी आणखी मोठी झाली की दुसरं शिखर पहिल्यापेक्षा उंच. संगणकाने चुकून दुसऱ्या शिखराला पहिलं मानलं, की एका सियालिक आम्लाचे दोन फ्युकोज झाले. रोगाशी संबंध लावताना हा फरक मोठा असतो, आणि चूक ०.०२ च्या आत लपलेली.

याहून वाईटही आहे. प्राण्यांमध्ये सियालिक आम्लाची एक बहीण असते, तिच्यात ऑक्सिजनचा एक अणू जास्त. माणसात ती बनत नाही. बनवणारं जनुक आपल्याकडे मोडकं आहे. पण प्राण्यांच्या पेशींत तयार केलेल्या औषधांत ती सापडू शकते. ही बहीण अधिक एक फ्युकोज, आणि साधं सियालिक आम्ल अधिक एक हेक्सोज: दोन्ही जोड्यांतले अणू मोजा. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, सगळे तंतोतंत सारखे. फरक शून्य. कोट्यवधींचा तराजू आणलात तरी शून्यच.

तोडून बघा

वजनाने भागत नाही म्हटल्यावर रेणू तोडायचा. यंत्राच्या आतच निवडलेला आयन वायूच्या रेणूंवर आपटवतात आणि तुकड्यांचं पुन्हा वजन करतात. साखळी दोन तऱ्हांनी तुटते. दोन मण्यांमधला सांधा सुटला तर कोणाशेजारी कोण होतं ते कळतं. धन विद्युतभारावर मोजलं तर ३६६.१४ चा तुकडा म्हणजे हेक्सोज आणि चुलत बहीण जोडीने, ६५७.२३ म्हणजे त्या जोडीच्या टोकाला सियालिक आम्लही. फांदीचा शेंडा कळला.

मणीच मधोमध तडकला तर आणखी मोलाची गोष्ट कळते, कारण तडकलेल्या मण्याच्या कुठल्या तुकड्यासोबत पुढची साखळी राहिली यावरून ती कुठल्या आकड्याला अडकली होती ते ठरवता येतं. पण मणी तडकायला जास्त ऊर्जा लागते आणि तेवढी दिली की सांधे आधीच सुटून जातात. हवं ते मिळवायच्या आत नको ते होऊन बसतं.

फ्युकोजची तर वेगळीच तऱ्हा. प्रोटॉन लागलेल्या साखळीत, तुटण्याच्या आधीच्या क्षणी, फ्युकोज आपली जागा सोडून दुसऱ्या मण्यावर जाऊन बसू शकतो. मग तुकड्याचं वजन प्रामाणिकपणे सांगतं की फ्युकोज इथे होता. नमुन्यात तो तिथे कधीच नव्हता! प्रोटॉनऐवजी सोडियम लावलेल्या आयनावर किंवा ऋण विद्युतभारावर मोजलं तर हा उपद्रव टळतो, म्हणून जाणकार फ्युकोजची जागा एकाच मोजणीवर ठरवत नाहीत.

फरक नसेल तर पाडा

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. २-३ आणि २-६. वजन सारखं, शेंड्याच्या तुकड्याचं वजनही सारखं. ग्राफाइटचा कॉलम त्यांना वेगळं करतो, पण कोणतं शिखर कोणाचं हे ठरवायला ओळखीचा नमुना हवा. फक्त २-३ जोडणी तोडणारं एन्झाइमही आहे: ते टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर मोजायचं, जे शिखर हललं ते २-३.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती तिसरी युक्ती. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने २०१४ मध्ये तिची एक सुटसुटीत पद्धत मांडली. सियालिक आम्लाच्या अंगावर एक आम्ल गट असतो, एखाद्या मोकळ्या हातासारखा. २-३ जोडणीत शेजारच्या गॅलॅक्टोजचा एक हात अगदी जवळ येतो. नमुना इथेनॉलमध्ये योग्य रसायनं घालून तासभर कोमट ठेवला की हे दोन हात एकमेकांत गुंतून कडी तयार होते आणि पाण्याचा एक रेणू गळतो: वजन १८.०१ ने कमी. २-६ जोडणीत मधला दुवा लांब पडतो, शेजाऱ्याचा हात पोचत नाही, आणि ती जागा भोवतालचं इथेनॉल घेतं: वजन २८.०३ ने जास्त. दोघांत फरक ४६.०४ चा. शून्याचा ४६ झाला.

आपल्या २२२२.७८ च्या साखळीचं काय होईल? दोन्ही टोकं २-६ असतील तर २२७८.८५. एक तसं, एक असं असेल तर २२३२.८०. दोन्ही २-३ असतील तर २१८६.७६. साधा तराजूही हे सांगेल. आधी जे शिखर एकटं उभं होतं त्याची तीन झाली, आणि तिघांच्या उंचीवरून मिश्रणात कोण किती तेही दिसायला लागलं. पहिल्यांदा हे पडद्यावर बघितलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारून दाखवलं होतं.

यंत्र सांगतंय, म्हणजे खरंच असणार ना?

यंत्र वजन सांगतं, आणि ते खरं असतं. साखळी आपण सांगतो.

शोधनिबंधांत ग्लायकनची चित्रं बघितली असतील: निळे चौकोन, हिरवी आणि पिवळी वर्तुळं, लाल त्रिकोण (म्हणजे फ्युकोज), जांभळे हिरे. हिरवं वर्तुळ मॅनोज, पिवळं गॅलॅक्टोज. पण मघाशीच पाहिलं, यंत्राला दोघंही १६२.०५३. मग चित्रात हिरवा आणि पिवळा रंग कुणी भरला? बहुतेक वेळा आपल्या पूर्वज्ञानाने. माणसाच्या पेशीतले कारागीर ओळखीचे आहेत, ते देठाकडे मॅनोज लावतात आणि शेंड्याकडे गॅलॅक्टोज, म्हणून तसं रंगवलं. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. नमुना अनोळखी जीवाचा असेल तर मात्र हे सुतावरून स्वर्ग गाठणं होतं.

आणि यंत्र कुणाचीही साखर मोजतं, तुमच्या नमुन्यातली असो वा नसो. एकदा आमच्या आलेखावर १६२.०५ च्या अंतराने इतकी देखणी शिडी आली की नवीन काहीतरी सापडलं म्हणून दोन दिवस आम्ही हवेत होतो. तिसऱ्या दिवशी कोरा नमुना, म्हणजे नुसतं पाणी, त्याच वाटेने नेला. शिडी तिथेही होती. नमुना गाळताना वापरलेल्या कागदाचा सेल्युलोज होता तो. आता कोरा नमुना आधी.

एवढा खटाटोप कुणासाठी?

सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरचं प्रतिपिंड-औषध घ्या. अमेरिकेच्या आग्नेय भागात, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यांत, काही रुग्णांना पहिल्याच डोसला जीवघेणी ॲलर्जी येत होती. इतर ठिकाणी तसं क्वचितच. २००८ मध्ये उलगडा छापून आला. औषध उंदराच्या पेशींत बनत होतं आणि त्या पेशींनी साखळीच्या टोकाला एक जास्तीचं गॅलॅक्टोज अल्फा १-३ जोडणीने लावलं होतं. माणूस ही जोडणी बनवत नाही. त्या रुग्णांच्या रक्तात या जोडणीविरुद्धची ॲलर्जीची प्रतिपिंडं औषध घेण्याआधीपासूनच होती. पुढे त्यांचा संबंध त्या भागातल्या गोचिडाच्या चाव्याशी लागला. वजनाच्या भाषेत हा सगळा प्रकार म्हणजे 'आणखी एक हेक्सोज', बस. ते कोणतं आणि कसं जोडलेलं, हे कळेपर्यंत तो आकडा निरुपद्रवी वाटतो. आज अशा औषधांची साखळ्यांची यादी उत्पादनाच्या तपासणीचा नेहमीचा भाग आहे. आणि उलट बाजूने, प्रतिपिंडाच्या देठापासचा एक फ्युकोज, १४६.०६ डाल्टनचा, मुद्दाम काढून टाकला तर ते कर्करोगाच्या पेशी मारायला मारक पेशींना जास्त जोराने बोलावतं. अशी औषधं वापरात आहेत.

दुसरं उदाहरण लहान मुलांचं. साखळ्या बनवणाऱ्या कारागिरांपैकी एखादा जन्मतःच बिघडलेला असेल तर मूल उशिरा वाढतं, तोल सांभाळता येत नाही, यकृत, डोळे, मेंदू, कुठेही त्रास दिसतो. असे पहिले रुग्ण बेल्जियमचे बालरोगतज्ज्ञ याक याकेन यांनी १९८० साली नोंदवले. आता अशा आजारांचे शंभरहून जास्त प्रकार माहीत आहेत. लक्षणं इतकी विखुरलेली, की डॉक्टरांना धागा सापडत नाही. तो सापडतो रक्तातल्या ट्रान्सफेरिन या लोह वाहणाऱ्या प्रथिनात. त्याच्यावर दोन जागी साखळी असते, आणि गंमत म्हणजे बहुतांश आपल्या ओळखीचीच, २२२२.७८ वाली. अख्ख्या प्रथिनाचं वजन करायचं. ते सुमारे २२०० ने कमी भरलं तर एक साखळी लागलेलीच नाही. ४४०० ने कमी, तर दोन्ही नाहीत. फक्त २९१ ने कमी असेल तर साखळी लागली पण शेंडा अपुरा राहिला. म्हणजे बिघाड सुरुवातीच्या कारागिरात नसून शेवटच्या टप्प्यात कुठेतरी. इथे साधं वजनच पुरतं, जोडणीच्या भानगडीत पडावं लागत नाही.

सगळीकडे असं स्वस्तात सुटत नाही. सीए १९-९ ही स्वादुपिंडाच्या कर्करोगात पाहिली जाणारी रक्ततपासणी एका चार मण्यांच्या साखरेवर आधारलेली आहे. तिची जुळी साखर, सारख्याच मण्यांची आणि सारख्याच वजनाची, पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबायला मदत करते. फरक दोन जोडण्यांच्या जागांची अदलाबदल, इतकाच. ती रक्ततपासणी प्रतिपिंडाने होते, ते नेमकी एकच जुळी ओळखतं. एलसी-एमएसने करायची तर कॉलमने दोघींना आधी वेगळं काढलंच पाहिजे, नाहीतर वजन दोघींसाठी एकच उत्तर देईल.

म्हणून चित्रं वाचताना एक बारीकशी खूण बघायची सवय ठेवा. ज्या मण्याची जागा मोजणीतून ठरलेली नसते तो साखळीला जोडून काढायचा नाही, असा संकेत आहे. साखळीच्या शेजारी एक मोठा कंस काढतात आणि तो मणी कंसाबाहेर सुटा ठेवतात: आहे, पण कोणत्या फांदीवर ते माहीत नाही. एखाद्या चित्रात सगळे मणी नीट जागेवर, सगळ्या जोडण्यांवर आकडे आणि कंस एकही नाही असं दिसलं, तर मी आधी मजकूर न वाचता पद्धतींचा भाग उघडतो आणि शोधतो: कोणता कॉलम, कोणती एन्झाइमं, आणि तो लाल त्रिकोण तिथे बसवला कशाच्या आधारावर.